उजेडानें घट्ट होणारा सरस

वसई गांवांत होळी नांवाचा एक जुना भाग आहे. अशा जुन्या वस्तींत एखादी वाडी, एखादें आवार किंवा दोन भावांच्या वांटणींतला बांध यांवरून वाद उत्पन्न झाला, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या आठवणीवर फार काळ भागत नाहीं. पूर्वीं येथें चिंच होती असें एक पक्ष म्हणतो. चिंच पलीकडे होती असें दुसरा म्हणतो. शेवटीं गांवचा नकाशा काढून पाहावा लागतो, आणि त्यावरील बारीक काळ्या रेघेपुढें दोन्ही पक्षांना मान तुकवावी लागते.

परंतु ती रेघ बहुधा मोजणीदाराच्या हातची मूळ रेघ नसते. मूळ नकाशा एकच असतो. कचेरींत, दप्तरांत आणि वकिलाच्या मेजावर येतात त्या त्याच्या नकला. नक्कल मूळाशीं केसभरही न चुकतां जुळते, हें गृहीत धरूनच निकाल होतो. हें गृहीत कशावर उभें आहे? मुंबई इलाख्यांतील जुन्या छापील नकाशांपुरतें बोलावयाचें, तर त्याचें उत्तर थोडें चमत्कारिक आहे. तें उभें आहे सरसावर. सुताराच्या भांड्यांत जो सरस शिजतो, त्याचाच शुद्ध केलेला भाऊ म्हणजे जिलेटिन. त्यांत एक विशिष्ट क्षार मिसळला, कीं तो ताजा असतांना अंधारांत पाण्यांत विरघळतो, पण उजेड लागला म्हणजे विरघळेनासा होतो. आजच्या दूरध्वनींत, संगणकांत व कॅमेऱ्यांत जीं अतिसूक्ष्म विद्युन्मंडलें असतात, तीं प्रकाशानें बदलणाऱ्या पॉलिमरांच्या साहाय्यानें घडविलीं जातात. आणि त्या पॉलिमरांच्या कुळांतला एक फार जुना पुरुष हा सरस होय.

ऊन लागल्यानें पदार्थ बदलतो, ही गोष्ट आपल्या घरांत कोणालाही नवी नाहीं. धुतलेल्या पातळावर राहिलेला हळदीचा डाग उन्हांत वाळत घातल्यावर फिका पडतो. खिडकीजवळच्या पडद्याचा रंग उडतो. भिंतीवरील तसबीर उतरविली, तर तिच्या मागचा चौकोन गडद राहिलेला दिसतो. या सर्व उदाहरणांत प्रकाश रंगाचे रेणु मोडतो. परंतु प्रकाशाला जसें मोडतां येतें, तसें जोडतांही येतें. ज्या पदार्थांचे रेणु लांबलचक साखळ्यांसारखे असतात, त्यांना शास्त्रीय भाषेंत पॉलिमर किंवा बहुवारिक म्हणतात. कापूस, स्टार्च, सरस, रबर, प्लॅस्टिक हे सर्व त्याच जातीचे. या साखळ्या एकमेकींपासून मोकळ्या असतात, तोंवर पदार्थ योग्य त्या द्रवांत विरघळूं शकतो. साखळ्यांमध्यें मधून मधून आडवे टांके पडले, कीं सर्वांचें मिळून एक जाळें होतें. मग तें द्रवांत फुगेल, पण विरघळणार नाहीं. उलट कांहीं पदार्थ असे आहेत, कीं प्रकाशामुळें ते अधिक विरघळणारे बनतात. कोठें उजेड पडला आणि कोठें पडला नाहीं, एवढा भेद अशा रीतीनें पदार्थाच्या अंगावर कायम करून ठेवतां येतो. या एका भेदाचा उपयोग करून घेण्याचा इतिहास सुमारें दोनशें वर्षांचा आहे.

त्याचा आरंभ फ्रान्समध्यें झाला. निसेफोर न्येप्स हा गृहस्थ १८२० नंतरच्या वर्षांत एका प्रकारच्या नैसर्गिक डांबरावर प्रयोग करीत होता. शिळाछापाची कला त्या वेळीं नवी होती. न्येप्सला तिची हौस होती, परंतु चित्र काढण्याचा हात नव्हता. म्हणून रेखाटनाचें काम सूर्याकडून करून घेतां येईल काय, हा प्रश्न त्यानें स्वतःला घातला. लॅव्हेंडरच्या तेलांत विरघळविलेलें डांबर त्यानें धातूच्या पत्र्यावर पातळ सारवलें, त्यावर तेलकट करून पारदर्शक केलेलें एक छापील चित्र ठेवलें, आणि पत्रा उन्हांत मांडला. काळ्या रेघांच्या खालीं ऊन पोंचलें नाहीं. तेथील डांबर मऊ राहिलें व तेलानें धुतलें गेलें. बाकीचें कडक होऊन टिकलें. उघड्या पडलेल्या रेघांवर आम्लाची क्रिया करून त्यानें छपाईचा पत्रा तयार केला. कार्डिनल द’आंब्वाझ याच्या चित्राची अशी नक्कल १८२६ सालीं झाली. त्याच सुमारास त्यानें आपल्या खिडकींतून दिसणारा देखावा कॅमेऱ्याच्या साहाय्यानें डांबर लावलेल्या पत्र्यावर धरला. कॅमेऱ्यानें टिपलेल्या व आज उपलब्ध असलेल्या छायाचित्रांत तो सर्वांत जुना समजला जातो.

फोटोग्राफीच्या इतिहासांत या दुसऱ्या चित्राची कीर्ति अधिक आहे. परंतु यंत्रविद्येच्या दृष्टीनें पाहतां कार्डिनलचा पत्राच अधिक महत्त्वाचा ठरतो. पत्र्यावर संरक्षक लेप द्यावा, प्रकाशानें त्याचा कांहीं भाग निराळा करावा, नको तो भाग धुवून काढावा, आणि उघड्या पडलेल्या जागीं आम्लानें कोरावें, हा चार पायऱ्यांचा क्रम त्यानें बसविला. पुढें लेप बदलला, पत्रा बदलला, प्रकाशही बदलला. क्रम मात्र मोडला नाहीं.

डांबराचा मोठा दोष म्हणजे त्याचा मंदपणा. एका चित्राला कित्येक तासांचें कडक ऊन लागे. १८३९ सालीं स्कॉटलंडमधील मंगो पाँटन याला आढळलें, कीं पोटॅशियम डायक्रोमेट या नारिंगी क्षारांत भिजविलेला कागद उन्हांत तपकिरी होतो. पुढच्याच वर्षीं एदमाँ बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें, कीं या बदलांत कागदाला लावलेल्या खळीचाही हात आहे. १८५२ सालीं इंग्लंडांत फॉक्स टॅल्बट यानें जिलेटिन आणि डायक्रोमेट यांच्या मिश्रणाचा गुण ओळखून त्याचें पेटंट घेतलें. आणि १८५५ सालीं आल्फाँस प्वातव्हँ यानें त्याच तत्त्वावर छपाईची रीत बसविली. या क्रियेचें रहस्य पुढें उलगडलें. डायक्रोमेटमधील क्रोमियमची संयुजा सहा असते. प्रकाशाच्या साहाय्यानें ती तीनवर येते, आणि या नव्या अवस्थेंतील क्रोमियम शेजारच्या जिलेटिन-साखळ्यांना एकमेकींशीं बांधून टाकतो. कातडें कमावण्याच्या धंद्यांत क्रोमियमचे क्षार वापरतात, तेथेंही तत्त्व हेंच असतें. ज्या बंधनानें चामडें कुजण्यापासून वांचतें, त्याच बंधनानें नकाशाची रेघ पाण्यापासून वांचते.

मुंबईला शिळाछाप त्या काळीं अपरिचित नव्हता. गणपत कृष्णाजी यांनीं १८४१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग छापलें होतें. परंतु शिळाछापांत एक मोठें न्यून होतें. मूळ रेखाटन कोणींतरी हातानें दगडावर किंवा विशिष्ट कागदावर पुन्हां उतरावें लागे. पंचांगाला तें चालतें. नकाशाला चालत नाहीं. एका मैलास आठ इंच हें प्रमाण धरलें, तर नकाशावरील एक इंच म्हणजे जमिनीवरील ६६० फूट. नक्कल करणाऱ्याची लेखणी इंचाच्या पन्नासाव्या भागानें सरकली, तर प्रत्यक्षांत बांध १३ फूट सरकला असें होतें. कोंकणांतील अरुंद खाचरांत तेरा फूट ही क्षुल्लक जागा नव्हे. नक्कल करणारा कितीही प्रामाणिक असला, तरी दिवसभर वांकून काम करणाऱ्या माणसाचा हात संध्याकाळीं थकतोच. आणि त्या थकव्याची किंमत ज्याला भरावी लागते, तो शेतकरी कचेरीपासून दूर असतो.

इंग्लंडच्या सर्वेक्षण खात्यापुढेंही नकाशांच्या नकलांचा हाच प्रश्न होता. साउदॅम्प्टन येथें कर्नल हेन्री जेम्स यांच्या हाताखालीं १८६० च्या सुमारास डायक्रोमेट-जिलेटिनाची रीत जस्ताच्या पत्र्याला जोडण्यांत आली, आणि तिला फोटोझिंकोग्राफी हें नांव मिळालें. ही विद्या लवकरच हिंदुस्थानांत आली. कलकत्त्यास सर्वेक्षण खात्यांत जेम्स वॉटरहाउस यांनीं आपल्या नोकरीचीं बहुतेक वर्षें याच कामांत घालविलीं. मुंबई इलाख्यासाठीं पुण्यास सरकारी फोटोझिंको कचेरी चालू झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इलाख्याचे नकाशे तेथें छापले जाऊं लागले. पुण्यांतील सरकारी मुद्रणालयानें फोटोझिंको हा शब्द आपल्या नांवांत पुढेंही टिकविला; रीत बदलली तरी नांव राहिलें.

तेथील कामाची पद्धति समजून घेण्याजोगी आहे. मोजणीदाराचा मूळ नकाशा भिंतीवर ताणून बसवीत आणि मोठ्या कॅमेऱ्यानें त्याची कांचेवर प्रतिमा घेत. या कांचेवर पांढरा कागद काळा आणि काळी रेघ पारदर्शक येई. मग जिलेटिन व डायक्रोमेट यांचा लेप दिलेला कागद तिच्याखालीं ठेवून उन्हांत धरीत. रेघांतून ऊन जाई. तेवढ्याच जागीं सरस घट्ट होई. नंतर सर्व कागदाला चरबीयुक्त काळी शाई फांसून तो कोमट पाण्यांत धूत. जेथें सरस मऊ राहिला होता, तेथील शाई सरसाबरोबर वाहून जाई. घट्ट झालेल्या रेघांवरची शाई टिके. हा कागद जस्ताच्या पत्र्यावर पालथा दाबला, कीं रेघा पत्र्यावर उतरत, आणि त्या पत्र्यावरून हव्या तितक्या प्रती निघत. या सर्व व्यापारांत लेखणी कोठेंही नाहीं. मूळ रेघ प्रकाशानें वाचली व प्रकाशानेंच लिहिली. मूळांत मोजणीची चूक असेल, तर ती नकलेंतही येईल. परंतु नकलेची म्हणून निराळी चूक फारच थोडी राहिली. कॅमेऱ्याचें अंतर बदलून नकाशा लहान-मोठाही करतां येऊं लागला.

हा लाभ फुकट मिळाला नाहीं. डायक्रोमेट घातलेला सरस अंधारांतही हळूहळू घट्ट होत जातो, आणि हवा दमट व उष्ण असली म्हणजे अधिकच लवकर. त्यामुळें लेप आज द्यावा आणि चार दिवसांनीं वापरावा, अशी सोय नव्हती. पावसाळ्यांत तर ऊनही मिळत नसे आणि लेपही बिघडे. दुसरा दोष कामगाराच्या शरीरावर उमटे. डायक्रोमेट विषारी आहे. बोटाला बारीकशी चीर असली, तरी तेथें खोल आणि लवकर न भरणारा व्रण होतो. हात त्या नारिंगी पाण्यांत बुडवून ज्यांनीं जन्म काढला, त्यांच्या नांवांची नोंद नकाशाच्या कोपऱ्यांत नसे. तेथें कचेरीचें नांव छापलेलें असे.

रेघेचा प्रश्न असा सुटला, तरी माणसाच्या चेहऱ्याचा सुटला नव्हता. रेघ काळी असते किंवा नसते. चेहऱ्यावर मात्र गालाच्या उजेडापासून मानेखालच्या सावलीपर्यंत अनेक छटा असतात, आणि छपाईचें यंत्र तर एकच काळी शाई जाणतें. १८८० नंतरच्या दशकांत जर्मनींत जॉर्ज माइझेनबाख आणि अमेरिकेंत फ्रेडरिक आइव्हज् यांनीं बारीक जाळींतून चित्र घेऊन छटांचे लहान-मोठे ठिपके करण्याची रीत व्यवहारांत आणली. तीच हाफटोन. तिच्यासाठीं तांब्याच्या पत्र्यावर माशाचा सरस व डायक्रोमेट यांचा लेप देत. पत्रा गरगर फिरवून लेप सारखा करीत, प्रखर दिव्याखालीं धरीत, धूत, आणि मग पत्रा इतका तापवीत कीं सरसाचें मुलाम्यासारखें कठीण कवच बने. शेवटीं फेरिक क्लोराइडनें तांबें कोरीत. माशाचा सरस माशाच्या कातड्यापासून होतो आणि जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून. मूळ द्रव्य दोहोंत एकाच जातीचें. वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या पोटांतील हवेची पिशवी मोठ्या किंमतीला विकली जाते, तीही याच द्रव्याची बनलेली असते.

या ठशांनीं मराठी घराचें रूप पालटलें. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १८९५ सालीं ‘मनोरंजन’ मासिक काढलें. १९०९ सालीं त्याचा पहिला दिवाळी अंक निघाला. १९१० सालीं पुण्याच्या चित्रशाळेनें ‘चित्रमयजगत्’ सुरू केलें. पुढाऱ्यांचे, लेखकांचे, दूरच्या शहरांचे आणि आगबोटींचे खरेखुरे चेहरे माजघरापर्यंत पोंचले. ज्या स्त्रीनें गांवाबाहेर पाऊल टाकलें नव्हतें, तिला सुद्धां लंडनचा पूल कसा दिसतो हें ठाऊक झालें. त्यामागें तांब्याच्या पत्र्यावरील दोन बोटें सरस होता, हें तिला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

ठशांची ही विद्या आपल्याकडे ज्यांनीं मनापासून आत्मसात केली, त्यांत धुंडिराज गोविंद फाळके यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतून ते बडोद्याच्या कलाभवनांत गेले. १८९० सालीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें निघालेल्या या संस्थेचे प्रमुख त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ सालीं फांसलेलें डांबर पुढें गज्जरांनींच आपल्या रसायनविद्येनें काढलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. चित्रकला आणि रसायन एकाच छपराखालीं शिकावें, ही त्यांची दृष्टि होती, आणि फाळके यांच्या ठायीं ती पुरेपूर फळाला आली. त्यांनीं फोटोग्राफी, तीन रंगांचे ठसे व फोटो-शिळाछाप या तिन्ही विद्या हस्तगत केल्या. पुराणवस्तु खात्याची नोकरी स्वदेशीच्या चळवळीच्या काळांत सोडून त्यांनीं लोणावळ्यास आपला ठसे व छपाईचा कारखाना काढला. जवळच मळवलीस राजा रविवर्मा यांनीं स्थापिलेला व पुढें फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातीं गेलेला छापखाना होता. त्याचेंही काम ते करीत. १९०९ सालीं रंगीत छपाईचीं यंत्रें व माहिती मिळविण्यासाठीं ते जर्मनीला जाऊन आले. पुढें भागीदारांशीं मतभेद होऊन त्यांनीं छपाई सोडली, आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. चलच्चित्राचे जनक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु प्रकाश व रसायन यांची जी जाण त्या चित्रपटामागें होती, ती सरसाच्या पत्र्यांवर घडलेली होती.

त्या कारखान्यांची स्थिति नीट पाहिली, तर एक गोष्ट ध्यानांत येते. कॅमेरा, भिंग, जाळीची कांच आणि छपाईचीं यंत्रें परदेशांतून आणावीं लागत. परंतु ज्या द्रव्यावर प्रकाश आपली क्रिया करी, तो लेप मात्र कारागीर आपल्याच खोलींत, आपल्याच भांड्यांत तयार करी. सरस किती, क्षार किती, आजची हवा कशी, हें तो आपल्या अनुभवानें ठरवी. म्हणजे साधनें परकीं होतीं, पण मर्म हातांत होतें. पुढील पन्नास वर्षांत नेमकी याच्या उलट स्थिति झाली.

अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनीचा रसायनशास्त्रज्ञ लुई मिन्स्क यानें अंधारांत न बिघडणारा लेप शोधून काढला. त्यानें दीर्घ साखळीच्या एका कृत्रिम पॉलिमरला सिनॅमिक आम्लाचे रेणु जोडले. हें आम्ल दालचिनीच्या सुवासिक द्रव्याचें निकटचें नातेवाईक. दोन शेजारच्या साखळ्यांवरील असे दोन रेणु समोरासमोर आले आणि त्यांच्यावर प्रकाश पडला, कीं ते एकमेकांना घट्ट धरतात व दोन साखळ्या जोडल्या जातात. प्रकाश नसेल, तर ते महिनोन् महिने स्वस्थ बसतात. क्रोमियम नको, रोज लेप शिजविणें नको. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांतच हें द्रव्य बाटलींतून विकत मिळूं लागलें. त्याच सुमारास जर्मनींतील काल्ले कंपनींत ऑस्कर झ्यूस यानें उलट गुणाचें द्रव्य तयार केलें: बॅकेलाइटच्या जातीच्या राळेंत त्यानें असा एक पदार्थ मिसळला, कीं उजेड लागेल तेवढाच भाग अल्कलीच्या पाण्यांत विरघळावा. दोन्ही शोध झाले छपाईच्या पत्र्यांसाठीं. विजेच्या यंत्रांचा विचार त्यांच्या कर्त्यांच्या मनांत प्रथम नव्हता.

तो विचार दुसऱ्यांनीं केला. १९५५ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ज्यूल्स अँड्रस व वॉल्टर बाँड यांनीं सिलिकनच्या चकतीवरील ऑक्साइडच्या थरांत खिडक्या कोरण्यासाठीं ठसे करणाऱ्यांचीच रीत वापरली. चकतीवर लेप, लेपावर आकृतीची प्रकाशछाया, मग धुणें, मग कोरणें. न्येप्सच्या पत्र्याची जागा सिलिकननें घेतली, एवढाच फरक. १९५८ सालीं जॅक किल्बी यानें अनेक विद्युद्भाग एकाच तुकड्यावर घडवून दाखविले. १९५९ सालीं जाँ होर्नी याची सपाट पृष्ठाची पद्धति आणि रॉबर्ट नॉइस याची विद्युन्मंडलाची कल्पना पुढें आली. तेथून पुढें विजेचें मंडल जोडावयाची वस्तु राहिली नाहीं. तें छापावयाची वस्तु झालें.

छापण्याची रेघ जितकी बारीक हवी, तितकी प्रकाशाची तरंगलांबी आखूड हवी. ४३६ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशापासून ३६५, २४८, १९३ अशा पायऱ्या उतरत हा उद्योग आतां १३.५ नॅनोमीटरपर्यंत आला आहे. परंतु अशा आखूड तरंगांचा प्रकाश मुबलक मिळत नाहीं, आणि थोड्या प्रकाशांत जुने लेप जागे होत नाहींत. १९८० नंतरच्या दशकारंभीं हिरोशी इतो, ग्रँट विल्सन व जाँ फ्रेशे यांनीं यावर उपाय काढला. त्यांच्या पॉलिमरांत प्रकाशकण प्रत्यक्ष साखळी बदलीत नाहीं. तो फक्त आम्लाचा एक कण निर्माण करतो. नंतर उष्णता दिली, म्हणजे हा एकच कण एकामागून एक शेंकडों ठिकाणीं बदल घडवीत जातो. दह्याच्या विरजणाप्रमाणें थोड्याशा आरंभानें सर्व काम होतें. आजच्या बारीकांतल्या बारीक विद्युन्मंडलांमागें हीच युक्ति आहे.

प्रकाशानें बदलणाऱ्या पॉलिमरांचा व्याप एवढ्यावरच संपत नाहीं. जुना डायक्रोमेट-जिलेटिनाचा लेप १९६० नंतरच्या दशकांत पुन्हां उपयोगी पडला, तो होलोग्रामसाठीं. लेसरच्या प्रकाशानें या सरसांत अतिसूक्ष्म पट्टे उमटवितां येतात, आणि ते भिंगासारखे किंवा आरशासारखे काम करतात. वैमानिकाच्या डोळ्यांसमोर कांचेवर आंकडे दाखविणाऱ्या यंत्रांत अशीं पटलें वापरण्यांत आलीं. अझोबेंझीन नांवाचे रेणु साखळींत गुंफले, तर ते प्रकाशानें वांकतात व दुसऱ्या रंगाच्या प्रकाशानें पुन्हां सरळ होतात. २००३ सालीं जपानमधील टोमिकी इकेदा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें एक पटल दाखविलें, कीं प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा बदलली म्हणजे तें हवें त्या बाजूला वांकतें आणि पुन्हां सपाट होतें. न्येप्सच्या डांबराला उजेडानें झालेला बदल पुसून टाकतां येत नव्हता. या पटलाला तो पुसतां येतो.

परंतु या प्रगतीबरोबर लेपाचें ज्ञान कारागिराच्या भांड्यांतून निघून थोड्या कारखान्यांच्या बंद बाटलींत गेलें. त्याचा अर्थ काय होतो, हें २०१९ च्या जुलैंत जगाला दिसलें. जपाननें दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन द्रव्यांवर निर्यातीचे कडक नियम लादले. त्यांतील एक द्रव्य होतें फोटोरेझिस्ट, म्हणजेच हा प्रकाशसंवेदी लेप. दुसरें एक प्रकारचें पॉलिमर, आणि तिसरें कोरण्याचें आम्ल. दक्षिण कोरिया हा विद्युन्मंडलांच्या उत्पादनांत अग्रेसर देश. त्याच्याजवळ कारखाने होते, यंत्रें होतीं, कुशल माणसें होतीं. तरीही बाटली अडली, तेव्हां सर्व देशाला चिंता पडली. हे नियम २०२३ सालीं मागें घेण्यांत आले. परंतु दरम्यान त्या देशाला तो लेप आपल्या घरीं शिजविण्याच्या मार्गास लागावें लागलें.

भारतांत मार्च २०२४ मध्यें गुजरातेंतील धोलेरा येथें अशा कारखान्याची पायाभरणी झाली. कारखान्याच्या भिंती व यंत्रें यांची चर्चा वृत्तपत्रांत होते. लेपाची होत नाहीं. महाराष्ट्राला तरी ती करण्याचा अधिकार आहे. पुण्यांत ३ जानेवारी १९५० रोजीं उद्घाटन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आणि पॉलिमर हा तिचा प्रमुख विषयांपैकीं एक आहे. त्याच शहरांत त्याआधीं सुमारें पाऊणशें वर्षें उजेडानें सरस घट्ट करून नकाशे छापण्याचा सराव चालू होता. बडोद्याच्या कलाभवनानें चित्रकाराला रसायन शिकविलें होतें. लोणावळ्याच्या कारखान्यानें तें व्यवहारांत वापरून दाखविलें होतें. हा वारसा केवळ अभिमानाचा नाहीं. त्यांत एक व्यावहारिक बोध आहे. गज्जर व फाळके यांच्या पिढीपाशीं पैसा थोडा होता आणि यंत्रें परकीं होतीं, तरी ज्या द्रव्यावर प्रकाश काम करतो, तें द्रव्य त्यांना स्वतः घडवितां येत होतें. यंत्र विकत आणतां येतें. द्रव्याचें ज्ञान विकत आणलेल्या बाटलीबरोबर येत नाहीं. तें कोणींतरी जवळ बसून, हात भाजून घेऊन आणि हवामान पाहून मिळवावें लागतें.

गांवचे जुने नकाशे आतां संगणकावर उतरविले जात आहेत. वसईच्या एखाद्या बांधाची रेघ उद्यां कागदावर न पाहतां पडद्यावर पाहिली जाईल, आणि वाद करणारे दोन्ही पक्ष ती आपापल्या दूरध्वनीवर मोठी करून पाहतील. ती रेघ प्रथम कागदावर टिकली ती प्रकाशानें घट्ट झालेल्या सरसामुळें. ती आतां ज्या विद्युन्मंडलांतून डोळ्यांपुढें येते, तीं मंडलेंही प्रकाशानें बदललेल्या लेपानेंच कोरलेलीं असतात. पहिला लेप पुण्यांत शिजत असे. दुसरा कोठें शिजावा, हें ठरविण्याची वेळ अद्याप गेलेली नाहीं.